घरं उंच करा, जमीन नको: चिपळूणच्या बांधकाम व्यावसायिकांना खुले पत्र

चिपळूण शहरात जुनी घरं उतरवून इमारती उभारणारे सर्व बांधकाम व्यावसायिक, त्यांना जागा देणारे जागामालक आणि त्यांचे नकाशे तपासणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

बाजारपेठेपासून पेठमापापर्यंत आणि शंकरवाडीपासून मुरादपूरपर्यंत जिथे जिथे जुनं घर पाडलं जातंय, तिथे पुढे काय होतं ते मी येता-जाता बघत असतो. आधी कौलं उतरतात, मग वासे, मग चिऱ्याच्या भिंती. चांगले चिरे विकले जातात. जागा मोकळी झाली की डंपर येऊ लागतात आणि प्लॉटवर भराव पडतो. कुठे गुडघ्याएवढा, कुठे कंबरेच्याही वर. त्या भरावाला चारी बाजूंनी काँक्रीटची भिंत बसते आणि मग दर्शनी बाजूला इमारतीचा फलक लागतो. हे पत्र त्या भरावाबद्दल आणि त्या भिंतीबद्दल आहे. इमारतीबद्दल माझी तक्रार नाही.

हे आधीच स्पष्ट करतो, कारण पुनर्विकासाबद्दल कुणी चार शब्द बोललं की त्याला विकासाचा विरोधक ठरवून गप्प बसवलं जातं. मी बाजारपेठेमागच्या एका आळीत पागडीच्या घरात राहतो. खाली दुकानं, वर माडीवर आमच्या दोन खोल्या. लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट ड्युटी करून निवृत्त झालो. घराचा जिना इतका उभा, की शेवटच्या काही वर्षांत माझ्या आईला खाली उतरता आलं नाही. संडास मागीलदारी, पावसात छत्री घेऊन जायचं. पुरानंतर लाकडी खांबांचे पाय कुजले आणि भिंतींनी धरलेली ओल अजून गेलेली नाही. अशा घरात राहून आळीची शोभा जपा, असं मला कुणी सांगू नये आणि मीही दुसऱ्याला सांगणार नाही. घरातल्या बायकांना घरातच न्हाणीघर हवं, म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी, आणि जुलै आला की रात्र जागून काढायची वेळ कुणावर येऊ नये. जुनी घरं जायला हवीत आणि नवी व्हायला हवीत. ती कशी व्हावीत, एवढाच माझा मुद्दा आहे.

चिपळूण वसलं ते पाण्यामुळे. दाभोळच्या खाडीतून गलबतं भरतीबरोबर गोवळकोटच्या धक्क्याला लागायची, तिथे माल उतरायचा आणि कुंभार्ली घाटाने वर देशावर जायचा. पेठ नदीला खेटून आहे ती त्यासाठी. बंदर मागे पडलं, पेठ तिथेच राहिली. साठच्या दशकात कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजगृहात आलं आणि पुढे वाशिष्ठीला मिळालं. कृष्णा खोऱ्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने मुभा दिलेली आहे. आमची नदी उन्हाळ्यातही वाहते ती या पाण्याने, आणि वीजनिर्मिती जसजशी कमी-जास्त होईल तसतशी तिची पातळी हलते. पुढे ऐंशीच्या दशकात लोट्याला कारखाने उभे राहिले, खेर्डी आणि गाणे-खडपोलीच्या औद्योगिक वसाहती वाढल्या. त्याच सुमारास मुंबईत १९८२चा गिरणी संप झाला आणि खेड, गुहागर, चिपळूणचे कितीतरी गिरणी कामगार पेटी-वळकटी घेऊन गावी परतले. माझ्याबरोबर प्लँटवर असे लोक होते. मागावर काम केलेली माणसं, उतारवयात रिअ‍ॅक्टरचं तापमान वहीत लिहायला शिकली. त्यांनी शहरात खोल्या घेतल्या त्या आमच्या आळ्यांमध्ये, कारण स्वस्त होत्या आणि कंपनीची बस नाक्यावर यायची.

म्हणजे आज जी वस्ती तुम्ही पाडता आहात, ती निव्वळ पेठेतल्या व्यापाऱ्यांची वस्ती नाही. माडीवर कंपनीतला फिटर, खाली किराणा दुकानदार, मागच्या पडवीत शिवणकाम करणारी बाई, पलीकडे मोहल्ला, कोपऱ्यावर भोयांची घरं. हे कुणी योजून केलेलं नाही. भाडं परवडलं म्हणून झालं.

आता पाण्याकडे येतो.

शिव नदी शहराच्या मधून वाहते आणि वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठी चढली की शिव नदीला तोंड उरत नाही, तिचं पाणी उलटं शहरात फुगतं. त्यात उधाणाची भरती असली की खाडीही पाणी घेत नाही. २६ जुलै २००५ला हे झालं आणि २२ जुलै २०२१ला त्याहून भयंकर झालं. कोयना प्रकल्पाच्या कोळकेवाडी धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा त्यात वाटा किती, यावर इथे आजही वाद आहे. तो तज्ज्ञांनी मिटवावा. नदीतल्या गाळाबद्दल मात्र वाद नव्हता. चिपळूण बचाव समितीने उपोषण केलं, त्यानंतर शासनाने यंत्रं लावली, नाम फाउंडेशन मदतीला आलं, आणि वाशिष्ठी-शिव नदीतून गाळ निघाला. शहराने हे भांडून मिळवलं. नदीचा तळ खोल करायला एवढी शक्ती घालवायची आणि नदीकाठची जमीन प्लॉट-प्लॉट करून उंच करत न्यायची, ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालली आहेत. हे तुमच्यासारख्या बांधकामातल्या माणसांना मी समजावून सांगायची गरज नसावी.

नदीच्या पूररेषा, म्हणजे निळी रेषा आणि लाल रेषा, आल्या तेव्हा शहर हादरलं. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पेठेसह शहराचा मोठा भाग या रेषांच्या आत सापडला. बांधकाम थांबणार, जागेला किंमत उरणार नाही, बँक कर्ज देणार नाही, अशी भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण डिसेंबर २०२०पासून लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत वाट ठेवलेली आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर बांधकाम करता येतं. निळ्या रेषेच्या आत जुन्या अधिकृत बांधकामाचा पुनर्विकासही त्याच उंचीवर, पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला घेऊन होऊ शकतो. म्हणजे नियम म्हणतो, माणसं राहतील ती जागा पाण्याच्या वर न्या. माझ्या दृष्टीने हा शहाणपणाचा नियम आहे.

ती उंची गाठायच्या वाटा दोन. खांबांवर इमारत उचलायची आणि खाली पाण्याला मोकळं सोडायचं, किंवा अख्खी जमीनच भरून वर आणायची. बरेचदा दोन्हींची भेसळ होते: थोडा भराव, त्यावर स्टिल्ट, म्हणजे नुसत्या खांबांचा मोकळा तळमजला. भराव स्वस्त पडतो, रॅम्प छोटा होतो, गाडी सहज चढते, इमारत रस्त्यावरून रुबाबदार दिसते. हे सगळं मला कळतं.

पण हिशेब करून बघा. पाचशे चौरस मीटरचा प्लॉट दीड मीटर भरला, तर साडेसातशे घनमीटर माती पडली. साडेसात लाख लिटर पाणी पूर्वी त्या जागेत मावत होतं, ते आता मावत नाही. दहा हजार लिटरचे पंचाहत्तर टँकर. तुम्ही म्हणाल, २०२१सारख्या पुरात एवढ्याने काय होतं, अख्खी नदीच शहरात होती. खरं आहे. त्या पुरात एका प्लॉटने फरक पडला नसता. पण पूर रोज येत नाही, पाऊस रोज येतो. जून-जुलैत तीन तास धरून पडला की आळीत पाणी साचतं आणि ते आता शेजारच्या बैठ्या घरात जातं, कारण दोन्ही बाजूंची जमीन उचलली गेली आहे आणि ते घर मधे खळग्यात राहिलं आहे. ज्याच्याकडे पुनर्विकासाला पैसा नाही, ज्याच्या घराचे वारस मुंबईला आहेत आणि सह्या होत नाहीत, त्याच्या ओटीवर तुमचा भराव पाणी आणून सोडतो. त्या घरातल्या माणसाने कुठलाही नकाशा मंजूर करून घेतलेला नाही आणि कुठलाही नियम मोडलेला नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. आमच्याकडे दोन परड्यांच्या मधे गडगा असायचा. सुटे दगड एकावर एक रचलेले, मधे माती नाही की सिमेंट नाही. हद्द दिसायची, गुरं अडायची आणि पाणी दगडांच्या फटींतून निघून जायचं. पाऊस संपला की एखादा ढासळलेला भाग दोन्ही घरची माणसं मिळून पुन्हा रचायची. शहरातले गडगे तर कधीच गेले, पण घरांमधले बोळ होते. पागोळ्यांचं पाणी पडायला ठेवलेली जागा, दोन हात, चार हात रुंद. तिथून सांडपाणी जायचं, पावसाचं पाणी पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे उतरायचं, आणि तिथूनच बायका मागीलदाराने एकमेकींकडे जायच्या. पाण्याची वाट आणि माणसांची वाट ही एकच वाट होती. तुमची भिंत बसते तेव्हा दोन्ही एकदम बंद होतात. पावसाळ्यात भिंतीच्या अलीकडे पाणी तुंबतं, आणि बारा महिने शेजारीण रस्त्याने वळसा घालून यायचं म्हणून येत नाही.

हे मी हळवा होऊन लिहीत नाही. २२ जुलैच्या पहाटे या बोळांनी माणसं वाचवली आहेत.

पाणी पहिल्यांदा आलं ते दारातून नाही, मोरीतून. खालच्या शिंप्याच्या घरात मोरीच्या तोंडातून पाणी उसळायला लागलं तेव्हा त्याने हाक मारली. वीज गेलेली, थोड्या वेळात मोबाइलही बंद पडले. त्याच्या मागच्या पडवीत एक आजी होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना समोरच्या रस्त्याने काढणं शक्यच नव्हतं, तिथे पाण्याला ओढ होती आणि गॅसचे सिलिंडर आणि मोटारसायकली वाहत येत होत्या. मागच्या बोळात दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे पाणी चढत होतं, पण ओढ कमी होती. विहिरीचा दोर एका खिडकीच्या गजाला बांधून दुसऱ्या घराच्या जिन्यापर्यंत नेला आणि आजींना खुर्चीवर बसवून त्या दोराच्या आधाराने पलीकडच्या माडीवर चढवलं. पलीकडच्या माडीवाल्यांनी कडी आधीच काढून ठेवली होती. कुणाच्या घरात चालता न येणारं माणूस आहे, कुणाकडे लहान मूल आहे, कुणाचा दरवाजा पाण्याने फुगला की उघडत नाही, हे आळीला माहीत होतं. दुपारनंतर होडी आली ती खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी आणलेली, आणि त्यातल्या निम्म्यांना कुठल्या घरापाशी थांबायचं हे विचारावं लागलं नाही.

त्याच दिवशी शहरातल्या उंच इमारतींनीही माणसं वाचवली. जिन्यांत, गच्च्यांवर लोकांनी रात्र काढली, फ्लॅटवाल्यांनी अनोळखी माणसांना कोरडे कपडे दिले, चहा दिला. म्हणून मला तुमच्या इमारती हव्या आहेत. भरलेल्या आळीत दोन-चार पक्क्या, उंच इमारती असणं हे सगळ्यांच्याच भल्याचं आहे. फक्त तिथपर्यंत पोचायची वाट उघडी पाहिजे. फाटकाला कुलूप, सुरक्षारक्षक एकटा, किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी पुण्याला, अशी इमारत पुराच्या पहाटे शेजाऱ्याच्या काय कामाची? सार्वजनिक जिना आणि गच्ची आपत्तीत आळीला खुली राहील, हे सोसायटी स्थापन होण्याआधीच तुम्ही लिहून ठेवू शकता. त्याला पैसा लागत नाही.

स्टिल्टबद्दल आणखी थोडं. खाली गाड्या, वर घरं, ही रचना आमच्या शहराला योग्यच आहे, आणि पार्किंगचा स्टिल्ट चटईक्षेत्रात धरत नाहीत म्हणून तुम्हालाही ती परवडते. पण पुढे त्या स्टिल्टमध्ये काय होतं ते आपण सगळे जाणतो. एका कोपऱ्यात पत्रे लावून गोदाम होतं. विजेचे मीटर खालीच बसतात. पंप खाली, जनरेटर खाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रखवालदाराची खोली खाली. त्या खोलीत नवरा-बायको आणि दोन मुलं राहतात, नेपाळची असोत की बिहारची. लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर राहायचा नियम त्यांच्यासाठी नाही का? इमारतीत सर्वांत जास्त वेळ असणारं कुटुंब पहिल्यांदा पाण्यात जाईल अशा जागी बसवायचं, हे मी कुठल्याही अंगाने मान्य करू शकत नाही. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर द्या. दीडशे चौरस फुटांचा प्रश्न आहे.

आता ज्या गोष्टी नियमात मोजल्याच जात नाहीत, त्यांच्याबद्दल. मोठ्या प्लॉटला मोकळी जागा सोडावी लागते: चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के. पेठेतल्या मिळकती इतक्या मोठ्या कुठे आहेत? शंभर, दोनशे, पाचशे मीटरचे तुकडे. प्रत्येक तुकडा वेगवेगळा विकसित होतो, प्रत्येकाचा नकाशा नियमात बसतो, आणि आळीतल्या वीस घरांच्या वीस इमारती झाल्या की मोकळी जागा शून्य उरते. कुणीही चूक केली नाही आणि आळीत बसायला जागा राहिली नाही. पूर्वी ती जागा ओट्यांवर होती. ओटी तर घरमालकाची, पण तिच्यावर बसायला परवानगी लागत नसे. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसं तिथे टेकत, मे महिन्यात कोकमं आणि सांडगे तिथल्याच अंगणात वाळत, एकमेकांच्या कोंबड्यांवरून भांडणंही तिथेच होत.

शिमग्याचं उदाहरण देतो. पालखी घरोघर येते. आमच्याकडे वर्षाचा खरा सण हाच, मुंबईकर गणपतीला नाही आला तर चालेल पण शिमग्याला येतो असं म्हणणारी घरं आहेत. नव्या इमारतीत पालखी लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर तिची दांडी अडते. मग ती पार्किंगमध्ये बसते आणि वरच्या मजल्यांवरच्या बायका ओटी घेऊन खाली येतात. याला माझा काही आक्षेप नाही, देवी समजून घेते. पण मागच्या शिमग्यात एका इमारतीत मी पाहिलं, दोन गाड्यांच्या मधे जेमतेम पालखी टेकवली होती, खेळे नाचायला रस्त्यावर उभे होते आणि मागून ट्रॅफिकचे हॉर्न वाजत होते. ढोलाला आवाज लागेना. देवळापुढे पालखी टेकवायला सहाण, म्हणजे चौथरा असतो, तशी एका आळीत एक, सहाणेएवढी मोकळी जागा आपण ठेवू शकत नाही? ती एका व्यावसायिकाने द्यावी असं नाही. आळीतले पाच-सहा पुनर्विकास होणार असतील तर प्रत्येकाने आपल्या कोपऱ्याचा थोडा-थोडा तुकडा एकमेकांना लागून सोडला, तर तेवढ्याने काम होतं. नगररचनेच्या टेबलावर हे नकाशे एकाच खात्यात येतात. ते एकमेकांशेजारी ठेवून एकदा बघितले पाहिजेत. मोकळा तुकडा पाण्यालाही लागतो. साचायला, जिरायला, आणि वेळ आली तर होडी लागायला.

आणि पाटी घेऊन येणारी मासेवाली. तिला आता फाटकावर अडवतात, फेरीवाल्यांना मनाई म्हणून. लोट्याच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतल्या मासळीचं काय केलं ही खाडीकाठच्या मासेमारांची जुनी तक्रार आहे, आणि ज्या कारखान्यांवर माझं घर चाललं त्यांच्याबद्दल ती आहे, म्हणून मी ती नुसतीच ऐकून सोडू शकत नाही. जी थोडी मासळी मिळते ती विकायला तिने शहरात आल्यावर निदान सावलीत पाटी टेकवायला जागा मिळावी. स्टिल्टच्या दर्शनी बाजूला एक गाडी कमी लावली तर ते होतं.

घर कुणाला विकायचं यावरही एक वाक्य लिहितो, कारण ते कुणी लिहीत नाही. जेवणात काय खाता, आडनाव काय, यावरून फ्लॅट आहे किंवा संपला, असं सांगितलं जातं. माझ्या ओळखीच्या कुटुंबांना सांगितलं गेलं आहे. ज्या आळीत मोहल्ल्यातल्या पोरांनी होडी आणली, तिथल्या नव्या इमारतीत त्यांना घर मिळू नये, हे मला सहन होत नाही. तुम्ही हे थांबवू शकता, तुम्ही विक्रेते आहात.

भाडेकरूंबद्दल मला जास्त लिहायला हवं, कारण तो मी आहे. विकसन करारनामा जागामालक आणि तुमच्यात होतो. भाडेकरूला तोंडी सांगतात, तुमची खोली धरलेली आहे. कितव्या मजल्यावर, किती क्षेत्राची, मधल्या काळात भाडं कोण देणार, काम रखडलं तर काय, हे कागदावर नसतं. माणूस खेर्डीला किंवा हायवेच्या पलीकडे भाड्याने जातो आणि दोन वर्षांचे चार होतात. मुलांची शाळा बदलते. परत येण्याआधी म्हातारी माणसं जातात. मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, तुमच्यातले काही जण शब्दाला पक्के आहेत हे मला ठाऊक आहे. पण शब्द पक्का असेल तर तो लिहायला अडचण काय? करारनाम्याला भाडेकरूंची यादी जोडा, प्रत्येकापुढे मजला आणि क्षेत्र लिहा, आणि एक प्रत त्याच्या हातात द्या. आमच्यासाठी घर सोडण्याआधीचा तो एकच आधार आहे.

आणि ग्राहकांना खरं सांगा. मुंबईहून निवृत्त होऊन येणारा किंवा लोट्याला नव्याने रुजू झालेला तरुण नमुना फ्लॅट बघून पैसे भरतो. त्याला पुराचं काही माहीत नसतं. आमच्या जुन्या घरांच्या भिंतींवर, दुकानांच्या खांबांवर २००५ आणि २०२१च्या पाण्याच्या खुणा आहेत. कुणी रंगाने रेघ मारली आहे, कुणी खिळा ठोकला आहे, बऱ्याच ठिकाणी चिखलाने स्वतःच रेघ सोडली आहे. घर पडलं की खूण जाते. ती जाऊ देऊ नका. पाडण्याआधी पातळी मोजून घ्या आणि नव्या इमारतीच्या दर्शनी खांबावर दोन्ही वर्षांच्या रेघा आकड्यांसकट कोरा. विक्री करारात प्लॉट कुठल्या पूररेषेत आहे ते लिहा. तुम्हाला वाटेल याने विक्री पडेल. मला तसं वाटत नाही. २०२१ची रेघ खांबावर आहे आणि त्याच्या वर आपलं घर कोरडं आहे, हे दिसणं ही तुमच्या कामाची सगळ्यात मोठी जाहिरात आहे. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात १८६४पासून जमवलेली ग्रंथसंपदा आहे. २००५मध्ये तिथे पाणी शिरलं आणि २०२१मध्ये पुन्हा शिरलं. भिजलेल्या पुस्तकांचे ढीग ज्यांनी पाहिले त्यांना उंचीची किंमत सांगावी लागत नाही. नव्या माणसाला मात्र सांगावी लागेल.

अधिकाऱ्यांना माझी विनंती वेगळी आहे. पेठ आणि नदीकाठच्या पट्ट्यात भरावाची परवानगी देताना शेजारच्या मिळकतींची जोती किती उंच आहेत ते मोजून नकाशावर दाखवायला लावा. उंची खांबांनी गाठता येत असेल तिथे भराव नाकारा. कुंपणाच्या भिंतीत खालच्या बाजूला जाळ्या किंवा मोऱ्या ठेवायला लावा, आणि काम पुरं झाल्याचा दाखला देताना त्या बुजवलेल्या नाहीत हे पाहा. जिथे पिढ्यानपिढ्या बोळ आहे, तिथे तो दोन प्लॉटच्या सामासिक अंतरांमध्ये, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, मिळून उघडा राहील असं बघा. हे करायला नवा कायदा लागतो असं मला वाटत नाही. नकाशा मंजूर करण्याआधी एक माणूस जागेवर पाठवावा लागतो, तोही उन्हाळ्यात नव्हे, पावसात.

आमच्या घराचा करार अजून व्हायचा आहे. मालकांची बोलणी चालू आहेत, कुणाशी ते मला माहीत नाही. ज्या कुणाशी होईल त्यांच्यासाठी एक माहिती इथेच देऊन ठेवतो. आमच्या मागीलदाराने एक बोळ शिव नदीकडे उतरतो. आमची बाजू आणि पलीकडची बाजू मिळून तो जेमतेम सहा फूट आहे. मिळकतपत्रिकेवर तो अर्धा त्यांच्यात आणि अर्धा आमच्यात आहे, त्यामुळे नकाशावर बोळ म्हणून तो कुठेच दिसणार नाही आणि तुमचा आर्किटेक्ट तिथे भिंत दाखवेल. दाखवण्याआधी येऊन बघा. दुकानाशेजारच्या जिन्याने वर या, कुणालाही विचारा, मागच्या खिडकीतून तो पूर्ण दिसतो. मी सकाळी अकरापर्यंत घरी असतो.

कळावे.

आपला,
बाजारपेठेमागच्या आळीतला एक भाडेकरू,
चिपळूण